बाही कोणी चढवायची?

मुंबईतील जुन्या टेलरिंग दुकानांत कामाची विभागणी पक्की असते. माप घेणारा आणि कापड कापणारा तो मास्तर, कोट शिवणारा तो कोटवाला, पँट शिवणारा पँटवाला आणि काजे-बटणांचे काम घरी घेऊन जाणारा तो काजवाला. यांपैकी मास्तर वगळता बाकीच्यांना पीसवर, म्हणजे नगामागे, मजुरी मिळते. पाटीवर नाव मास्तरचे असले आणि गिऱ्हाईक कोटाचे श्रेय त्याच्या कात्रीला देत असले, तरी बाही मुंढ्यात, म्हणजे कोटाच्या काखेभोवतीच्या गोलाईत, बसवण्याचे अवघड काम कोटवाल्याचेच राहते. प्रस्तुत लेखकाने परळच्या दुकानात उमेदीची सर्व वर्षे खडू आणि कात्री यांच्या आधारे काढली आणि सुईला हात न लावणे हीच मास्तरकी मानली.

1982 च्या गिरणी संपानंतर गिरणगावातील बांधलेले गिऱ्हाईक विरत गेले, तयार कपड्यांनी पँट-शर्टाचे काम ओढून नेले आणि 2020 च्या टाळेबंदीत लग्नसराईच बुडाल्याने उरलासुरला कोटही थांबला. दुकान पागडीचे होते. पागडी म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन अल्प भाड्यावर मिळवलेला भाडेहक्क, ज्याच्या हस्तांतरासाठी घेतल्या-दिल्या जाणाऱ्या रकमेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 ने मान्यता दिली. तो हक्क सोडून आलेल्या पैशांतून मालकाचा वाटा, कापडवाल्यांची थकबाकी आणि पतपेढीचे कर्ज वजा जाता जे उरले, त्यात सिंधुदुर्गातील एका तालुक्याच्या गावी एक गाळा, दोन शिलाई यंत्रे आणि एक वाफेची इस्त्री एवढेच उभे राहू शकले. टाळेबंदीत उत्तरेकडे आपापल्या गावी गेलेले कारागीर कोकणात येणे शक्यच नव्हते. त्यामुळे कापलेली बाही चढवायची कोणी, हा प्रश्न पहिल्याच कोटाला उभा राहिला.

बाहीच्या माथ्याचा घेर मुंढ्याच्या घेरापेक्षा मुद्दाम जास्त कापलेला असतो आणि तो जास्तीचा भाग चुणी न पडू देता खांद्याच्या गोलाईवर जिरवायचा असतो. लोकरी कापड वाफेखाली आकसते, म्हणून त्यात इंच-दीड इंच सहज जिरतो. परंतु तालुक्याच्या गावी गिऱ्हाईक आणते ते बहुधा टेरीव्हिस्कोस, म्हणजे पॉलिएस्टर आणि व्हिस्कोस यांच्या मिश्रणाचे सूटिंग, आणि ते इस्त्रीला दाद देत नाही. परळमध्ये कापलेल्या मुंढ्यांचे फर्मे, म्हणजे पुठ्ठ्यावर उतरवलेले आकार, इथे जसेच्या तसे वापरले की बाहीच्या माथ्यावर बारीक चुण्या उभ्या राहतात; माथा कमी केला, तर हात पुढे करताच दंडावर आडवा ताण येतो. शिवाय शरीरेही वेगळी असतात. वर्षानुवर्षे वल्ही मारलेल्या माणसाची पाठ खांद्यांजवळ भरलेली असते आणि त्याचे हात सरळ न लोंबता किंचित पुढे झुकतात, म्हणून बाहीही तेवढीच पुढे फिरवून लावावी लागते. किती फिरवावी, हे टेप सांगत नाही. कच्चा टाका घालायचा, कोट अंगावर चढवून पाहायचा, टाका उसवायचा आणि बाही पाव इंच सरकवून पुन्हा टाका घालायचा, हा क्रम एका कोटाला अनेकदा होतो, आणि काळ्या कापडावरचा काळा दोरा आता दुपारच्या उजेडाखेरीज दिसत नसल्याने तो दिवसाउजेडीच उरकावा लागतो.

बाजारपेठेतील इतर दुकानदारांना हा खटाटोप हास्यास्पद वाटतो. ते फ्युजिंगचा, म्हणजे इस्त्रीने चिकटणाऱ्या अस्तराचा, कोट दोन दिवसांत देतात. साध्या घरगुती इस्त्रीचा दाब अपुरा पडून पुढे त्याच्या छातीवर फोड येतात, परंतु तोवर लग्न उरकलेले असते. भाड्याच्या शेरवानीने तर नवरदेवाला मापाचीच गरज उरू दिलेली नाही. या सर्वांबद्दल प्रस्तुत लेखकाचे मत प्रतिकूल आहे आणि त्यात मत्सराचाही अंश आहे, कारण त्यांच्या दुकानांत मे महिन्यात गर्दी असते.

इथला धंदा प्रत्यक्षात तगतो तो जूनच्या शाळेच्या गणवेशांवर, चाकरमान्यांच्या गणपतीतील घाईच्या कपड्यांवर आणि अल्टरवर, म्हणजे तयार कपडे आखूड, सैल किंवा घट्ट करून देण्यावर. परळमध्ये ज्या अल्टरला नाक मुरडून गिऱ्हाईक परत पाठवले जाई, तेच इथे रोजचे रोख पैसे देते; गणवेशाची उधारी मात्र पगाराची तारीख उलटली तरी येत नाही. तरीही कोटाच्या आतल्या खिशावर शिवली जाणारी पट्टी अजून जुन्याच गठ्ठ्यातली असते आणि तिच्यावर ‘परळ, मुंबई’ असे विणलेले आहे. नव्या पट्ट्या छापून घेणे फारसे खर्चाचे नाही. ज्या गावात बाही पहिल्यांदा स्वतःच्या हाताने चढवली, त्या गावाचे नाव कोटावर घालण्यास मन राजी होत नाही, एवढेच त्याचे कारण आहे.

कापणाऱ्याने शिवू नये हा शहरी दुकानांचा दंडक कामाच्या वेगासाठी योग्य असेल. कापणाऱ्याच्या कसबासाठी तो घातक आहे, कारण मुंढा कुठे चुकला हे फक्त त्यात बाही बसवणाऱ्यालाच कळते. सध्या या दुकानात कोटाची ऑर्डर गणवेशांच्या हंगामात घेतली जात नाही आणि निम्मी शिलाई आगाऊ मिळाल्याखेरीज कापडाला कात्री लागत नाही.