मशीन बसलं म्हणजे झालं, असं नाही!

पोस्ट थोडी मोठी आहे. पण घरात कुणाला हार्ट फेल्युअर असेल, छातीत मशीन बसवलेलं असेल, तर वेळ काढून वाचा.

आमचं गाव शेलूबाजारजवळ. तीन वर्षांपूर्वी ऐन सोयाबीनच्या सोंगणीत बाबांना दम लागायला लागला. पायावर सूज, रात्री आडवं झालं की खोकला. आम्ही म्हटलं, धुरळ्याने झालं असेल. अकोल्याला इको काढला तेव्हा कळलं, हृदयाचं पंपिंग फक्त २८ टक्के. निरोगी माणसाचं साधारण ५५ च्या वर असतं.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नाही. हृदय थकतं, रक्त पुढे ढकलायला कमी पडतं. पहिले चार महिने फक्त गोळ्या चालल्या. तरी पंपिंग वाढेना. मग नागपूरच्या डॉक्टरांनी ईसीजी दाखवून सांगितलं की हृदयाच्या डाव्या बाजूला विजेचा इशारा उशिरा पोचतो, त्यामुळे दोन्ही बाजू एका तालात आकसत नाहीत. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर बैलजोडीतला एक बैल पुढे ओढतो अन् दुसरा मागे राहतो. वखर सरळ कसा चालणार?

त्यासाठी जे मशीन बसवतात त्याला सीआरटी म्हणतात. साधा पेसमेकर ठोके मंद झाले की लावतात, त्याला एक किंवा दोन तारा. याला बहुतेक वेळा तीन. काम एकच, जोडी एका पावलावर आणायची.

हे मशीन सगळ्यांसाठी नाही बरं का. साधारणपणे पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून कमी, ईसीजीत तो उशीर स्पष्ट दिसतो, आणि किमान तीन महिने नीट औषधं घेऊनही त्रास आहे, अशांना ते सुचवतात. तरी काहींना फारसा फरक पडत नाही. म्हणून आधी डॉक्टरांना विचारा, "इकोचा आकडा किती? ईसीजीत काय आहे? औषधं पुरेशी देऊन झाली का?" असं विचारल्याने कोणताही चांगला डॉक्टर रागावत नाही. अन् योजनेत काय बसतं, काय नाही, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधी विचारा.

बाबांना फरक पडला. दोन महिन्यांत धुऱ्यापर्यंत चालत जायला लागले. अन् तिथेच आमची चूक झाली.

एक दिवस आई म्हणाली, यांनी गोळ्या बंद केल्यात. मी विचारलं तर बाबा म्हणतात, "मशीन बसोलं ना आता, मंग गोया कायले खाच्या?" मीही जोर धरला नाही. नागपूरची तपासणी सहा महिन्यांनी होती, तीही पेरणीच्या गडबडीत राहिली. गाडीभाडं, एक माणूस सोबत, दिवसभराचा खाडा. समृद्धीने रस्ता जवळ झाला, पण खर्च कुठे कमी झाला?

शेवटी एका रात्री श्वास कोंडला. पहाटे भरती केलं. मशीन तपासलं तर ते ठणठणीत! माणूसच खचला होता. डॉक्टर एवढंच बोलले, "मशीनने ताल दिला, ताकद गोळ्यांनी येते." बाबा वाचले. पण पंपिंग जेवढं वाढलं होतं, त्यातलं बरंच गेलं.

म्हणून सांगतो, गोळ्या मनाने बंद करू नका. मीठ, लोणचं, पापड आवरा. रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले, तर वाट बघू नका, डॉक्टरला दाखवा. मशीनचं कार्ड खिशात ठेवा, कारण प्रत्येक कंपनीचं तपासायचं यंत्र वेगळं असतं. मोबाईल त्या बाजूच्या खिशात नको. आणि तपासणी चुकवू नका. त्यात फक्त बॅटरी बघत नाहीत, शंभरातले किती ठोके मशीनच्या तालावर पडतात तेही कळतं. ते कमी झाले की फायदाही कमी होतो.

आता एक मागणी. १९९८ ला अकोल्यातून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला. २०२४ मध्ये वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, चांगली गोष्ट आहे. मशीन तिथेच बसवा, असं आज कुणी म्हणत नाही. पण महिन्यातून एक दिवस तरी हृदयरोगतज्ज्ञ आणि मशीन तपासणारा तंत्रज्ञ वाशिमला यावा. मशीनवर लाखो रुपये लागतात. ते तपासायला म्हातारा माणूस दरवेळी नागपूरला का जावा?

रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, वाशिम, सहाही तालुक्यांत असे पेशंट असतील. घरी कुणी असेल तर तालुक्याचं नाव तेवढं खाली लिहा. यादी झाली की सगळे मिळून निवेदन देऊ.

बाबा आता गोळ्या घेतात. डबी माझ्याकडे आहे.