मामाच्या गावापलीकडे

'माझी उन्हाळ्याची सुट्टी' या विषयावर शाळेत आम्हांला दरवर्षी निबंध लिहावा लागे. मीही तो इमानेइतबारे लिहीत असे. त्यात मामाचा गाव असे, आमराई असे आणि शेवटी एखादे थंड हवेचे ठिकाण असे. दहापैकी सात-आठ गुण मिळत. परंतु खरे सांगायचे तर सुट्टी हा शब्द आमच्या घरात शाळेच्या दप्तरातूनच आला. शेतकऱ्याच्या पंचांगात सण असतात, अमावास्या असते, सुट्टी नसते. बेंदराच्या दिवशी बैलाच्याही खांद्यावर जू नसते. आईला मात्र तो दिवस पुरणपोळ्यांचा!

आता मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षात आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. वर्गातल्या मैत्रिणी 'यंदा सुट्टीत कुठे?' असे सहज विचारतात, तेव्हा मनात येते, हा प्रश्न आईला आजवर कोणी विचारला असेल का?

एके दिवशी मी तिच्या आयुष्यातल्या प्रवासांची यादी केली. माहेर, पंढरपूर एकदा, कराडचा दवाखाना तीनदा, बाकी लग्ने आणि मयती. म्हणजे प्रत्येक वेळी काही ना काही कारण होते. कारणाशिवाय, नुसते बघायला म्हणून, ती कुठेही गेलेली नाही. सह्याद्रीच्या अलीकडे तिने पंचेचाळीस वर्षे काढली; घाटाखालचा समुद्र तिने पाहिलेला नाही. तेव्हाच मी ठरवले, यंदाची सुट्टी आईची.

प्रवासाला पैसा लागतो हे खरे. पण पैसा नाही म्हणून प्रवासाला निघालेला माणूसही आपल्या मराठीतच आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरच्या दारिद्र्याला कंटाळून, दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी डोळ्यांनी पाहिला. वाटेत लुबाडले गेले. मिळवलेले धन फारसे हाती उरले नाही, पण आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र त्यांनी घरी आणली. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध झाला. तो वाचताना मला झाशीपेक्षा ती कावडच अधिक आवडली. गोडसे भटजींनी गंगा घरी आणली. समुद्र काही कावडीत मावणार नाही. तेव्हा आईलाच तिकडे नेले पाहिजे!

मग ठिकाणांची चर्चा सुरू झाली. धाकट्या भावाने महाबळेश्वर सुचवले. मे महिन्यातले तिथले खोल्यांचे दर ऐकल्यावर त्याने विषय बदलला. 'पाचगणीच पाहिजे तर आपल्याच तालुक्यात आहे की,' असे म्हणून मी त्याला गुढे पाचगणीच्या पठाराची आठवण करून दिली. तिथे पवनचक्क्या आहेत, वाराही आहे. फक्त हॉटेले नाहीत. चांदोलीचे अभयारण्य तर आमच्या उशालाच. २००४ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले. पण आईच्या दृष्टीने जंगल ही काही बघायची गोष्ट नव्हे. 'सरपणाला रोज जातोय की,' ती म्हणाली.

आजीचा कौल अकरा मारुतींना. समर्थांनी स्थापलेल्या या मारुतींपैकी एक आमच्या शिराळ्यातच आहे. दुसरा जवळच बह्याला, कृष्णेच्या बेटावर. मनपाडळे आणि पारगाव कोल्हापूर जिल्ह्यात. आणि चाफळचे दोन, माजगाव, शिंगणवाडी, उंब्रज, मसूर, शहापूर असे सात सातारा जिल्ह्यात. सारी यात्रा दोन दिवसांत, घरची भाकरी बांधून होण्यासारखी. ती दिवाळीत करायची, असा आजीशी तह झाला.

शेवटी गणपतीपुळे ठरले. देवाच्या निमित्ताशिवाय आमच्या घरातून बाईचा पाय निघणे कठीण. आणि इथला देव नेमका समुद्राच्या काठावर! स्वयंभू गणपतीची प्रदक्षिणा म्हणजे साऱ्या डोंगराला वळसा. आजीला देव, आईला समुद्र आणि मला दोघींचे तोंड पाहायला मिळणार.

आता हिशेब. वहीच्या मागच्या पानावर तो मी चार वेळा मांडला आहे. जानेवारी २०२५ मध्ये एस. टी.चे भाडे जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढले. पण मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. आधार कार्ड पदराच्या गाठीला बांधून ती आता लेकीकडे एकटी जाऊन येते. म्हणजे तिघींच्या प्रवासात एकच तिकीट पुरते! वाट कोकरूडवरून मलकापूर, तिथून आंबा घाट, साखरपा, हातखंबा, रत्नागिरी आणि पुढे पुळे. प्रवासाला आठशे रुपये धरले. दोन रात्री राहण्याचे दोन हजार. भक्तनिवासात जागा मिळाली तर उत्तमच. शनिवार-रविवार टाळायचा. जेवणाचे नऊशे; पहिल्या दिवसाला घरचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. वरखर्चाला तीनशे. एकूण चार हजार. साड्यांना पिको-फॉल करून मी दोन हजार सहाशे जमवले आहेत. उरलेले चौदाशे लग्नसराई देईल.

परतीच्या दिवशी रत्नागिरीत टिळकांचे जन्मस्थान आणि थिबा राजवाडा पाहायचा. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत करून हद्दपार केले. त्याच्यासाठी बांधलेला वाडा १९१० साली पुरा झाला; १९१६ साली तो इथेच वारला. एक राजा मर्जीविरुद्ध या समुद्राकाठी आला. माझी आई मर्जीने येणार आहे. या दोहोंत थोर कोण, हे इतिहासाच्या प्राध्यापकांनी ठरवावे!

वाचकहो, एवढे सारे जमले तरी खरी अडचण पैशाची नव्हतीच. पहिली अडचण म्हैस. ती आईवाचून कोणाच्या हाताला पान्हा सोडत नाही. तेव्हा गेला महिनाभर धाकटा भाऊ आईचे जुने लुगडे अंगावर घेऊन धारेला बसतो. पहिल्या आठवड्यात त्याने लाथा खाल्ल्या. आता तांब्याभर दूध निघते. दुसरी अडचण आबांची.

"समिंदर बघून पोट भरतंय व्हय?" ते म्हणाले. "आणि तिघी बायकाच जाणार? संगं गडीमाणूस कोण?"

मी उत्तराची जुळवाजुळव करीत होते. स्त्री-पुरुष समानतेवरचे दोन मुद्दे माझ्या जिभेवर होते. तेवढ्यात चुलीपुढून आई बोलली, "दवाखान्यात एकली गेलते की तीनदा. तवा कुठं गडीमाणूस लागला?"

आबा काहीच बोलले नाहीत. तंबाखू मळत बाहेर गेले. पण दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना त्यांनी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीवर मलकापूरच्या गाडीची वेळ विचारून आणली. कागदाच्या चिठोऱ्यावर लिहिलेली ती वेळ त्यांनी माझ्या वहीत ठेवली आणि म्हणाले, "पयल्या गाडीनं जावा. घाटात ऊन लागंल."

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली असेल आणि आम्ही अजून निघायच्या असू. पाऊस लवकर आला, म्हैस रुसली किंवा कोणाचे लग्न निघाले, तर बेत पुढेही जाईल. गरिबाच्या घरचा बेत असाच असतो. त्याला दहा खुंट्यांना बांधावे लागते. पण आईने परवा मला हळूच विचारले, "समुद्राचं पाणी खरंच खारट असतंय का गं?" पुस्तकातले उत्तर मला ठाऊक होते. ते मी दिले नाही.