स्वराजद्वीपच्या पाण्याखालचे बाप

पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून, निघालेली बोट दुपारी स्वराजद्वीपला लागली. जुनं हॅवलॉक. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठीवर हवेची टाकी चढवताना आमचा गाइड, इथेच वाढलेला बंगाली मुलगा, म्हणाला, "दादा, माशाकडे नंतर बघा. आधी त्याच्या दगडाकडे बघा."

सात-आठ मीटर खाली एक समुद्रफूल झुलत होतं. त्यात क्लाउनफिशची जोडी होती, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. मोठी ती मादी, लहान तो नर. फुलाच्या बुडाशी दोघांनी चोचून स्वच्छ केलेल्या खडकावर अंड्यांचा थर होता आणि त्यातल्या कित्येक अंड्यांत रुपेरी डोळे चमकत होते. नर छातीचे पर हलवून त्यांना सतत ताजं पाणी पुरवत होता, मेलेलं अंडं तोंडाने वेचून काढत होता. आठवडाभर हेच त्याचं काम. मी जरा पुढे सरकलो तशी मादी थेट मास्कवर धावून आली.

ती मेली तर हाच नर मादी होतो आणि त्याच फुलात राहणारा एखादा लहान मासा नराची जागा घेतो. मला हे माहीत होतं, तरी त्या दोघांसमोर तरंगताना ते नव्याने थक्क करून गेलं.

पलीकडच्या कातळावर सार्जंट मेजर मासा जांभळट अंड्यांवर पहारा देत होता, अंग निळसर पडलेलं. इथे माद्या अंडी घालून निघून जातात, कारण पुढच्या अंड्यांसाठी त्यांना खायचं असतं. नराला मात्र एकाच जागी राहून अनेकींची अंडी राखता येतात. त्याने जागा सोडली की टपलेले मासे तुटून पडतात. म्हणून फोटोसाठी अंड्यांवर झुकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

त्याहून मोठं संकट गरम पाण्याचं. २०१० मध्ये इथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. समुद्रफुलंही तशीच विरंजित होतात. २०१६ मध्ये पॅसिफिकमधल्या मोऑरेआ बेटाजवळ अशा फुलांत राहणाऱ्या क्लाउनफिशची जगण्याजोगी अंडी ७३ टक्क्यांनी घटली होती.

परतताना गाइडला विचारलं, ही अंडी कधी फुटतील?

"डोळे चमकतायत ना? मग उद्या-परवा, अंधार पडल्यावर. तोवर त्या बाजूला कुणाला नेणार नाही मी."