नमुना आपणच घ्यायचा

आमच्या बिडकीनमध्ये बायका एकमेकींशी सगळं बोलतात, पण गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचं नाव निघालं की आवाज खाली जातो. माझ्या थोरल्या जाऊबाईंना मी तपासणीबद्दल कितीदा सांगितलं. त्रास काहीच नाही, मग जायचं कशाला, आणि टेबलावर तसं झोपायचं तर मुळीच नाही, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. तीस ते पासष्ट वयाच्या बायकांसाठी सरकारी दवाखान्यात अॅसिटिक अॅसिड लावून पिशवीचं तोंड बघण्याची योजना आहे. त्या कधी गेल्या नाहीत.

संभाजीनगरच्या डॉक्टरबाईंनी मला हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी सुचवली आणि मऊ ब्रश हातात देऊन म्हणाल्या, "नमुना तुम्हीच घ्या." दार लावलं, ब्रश आत सरकवला, सांगितल्याप्रमाणे फिरवला आणि नळीत ठेवला. दुखलं नाही. शंका मात्र होती. डॉक्टर उजेडात नेमकी जागा बघून नमुना घेतात. न बघता घेतलेला माझा खरा कसा धरायचा?

बाईंनी नीट समजावलं. पॅप तपासणीत पेशींचं रूप बघायचं असतं, म्हणून त्या पिशवीच्या तोंडावरच्याच लागतात आणि तिथं आपला हात चालत नाही. एचपीव्हीच्या तपासणीत विषाणूचा डीएनए शोधतात. तो योनीत उतरलेल्या पेशींतही सापडतो, आणि पीसीआरनं थोडासाही वाढवून ओळखता येतो. म्हणून पीसीआरवर केलेली तपासणी स्वतः घेतलेल्या नमुन्यावरही जवळपास डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकीच अचूक ठरली आहे. जुन्या काही पद्धतींत ती कमी पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांतही असा नमुना मान्य आहे. ऑस्ट्रेलियात 2022 पासून तपासणीला येणाऱ्या प्रत्येक बाईला ही मुभा आहे.

या तपासणीची ताकद तर आपल्या मराठवाड्यातच दिसली. धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून सुमारे 1 लाख 31 हजार बायकांचा अभ्यास झाला. नमुने आरोग्य कर्मचाऱ्यांनी घेतले होते. ज्या गटाला एकदाच एचपीव्हीची तपासणी देऊ केली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले. 2009 मध्ये हे प्रसिद्ध झालं. इतक्या वर्षांनीही ही तपासणी आपल्या गावांत सहज मिळत नाही, याचा मला राग येतो.

दार लावून आपलं आपणच करायचं म्हटल्यावर जाऊबाई तयार झाल्या. माझ्यात विषाणू नव्हता, त्यांच्यात निघाला. "झाला का गं मला कॅन्सर?" म्हणून रडल्या. विषाणू म्हणजे कॅन्सर नव्हे, बहुतेकींचा तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, असं बाईंनी सांगितलं. पण पुढची तपासणी टाळायची नाही, हेही बजावलं. ज्या टेबलाला त्या आयुष्यभर भ्यायल्या, त्यावर त्या स्वतःहून झोपल्या. अॅसिटिक अॅसिड लावल्यावर पांढरा डाग दिसला. तिथंच उष्णता देऊन तो जाळला. वर्षभरानं पुन्हा तपासायचं आहे.

ब्रशमुळे पहिली अडचण सुटते, पुढची वाट बाईला दवाखान्यापर्यंत चालावीच लागते. त्यामुळे नुसते ब्रश वाटून भागणार नाही. विषाणू निघालेल्या बाईला घेऊन जाणारं माणूस आणि उपचाराची जागा हवी. आणि संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसत असेल, तर ब्रशची वाट बघू नका, थेट डॉक्टरांकडे जा. बाकी तिशी ओलांडलेल्या बायांनो, आपल्या आशाताईंना ही तपासणी कुठे होते ते विचारा, आणि जावेला, नणंदेला सोबत न्या.