कढीपत्त्याच्या कुंडीतल्या लाल गोळ्या

रजबच्या महिन्यात गावात महिलांच्या रक्ततपासणीचे शिबिर झाले. आम्ही दोघी जावा एकाच रांगेत उभ्या राहिलो. थोरलीचे हिमोग्लोबिन 9.1 निघाले, धाकटीचे 8.4. बाईच्या रक्तात ते किमान 12 तरी असावे लागते. लोहाच्या लाल गोळ्यांची पाकिटे हातात पडली आणि ‘रोज एक, चुकवायची नाही’ एवढे सांगून पुढच्या बाईला हाक मारण्यात आली.

तीन आठवड्यांनी अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई, परसदारी कढीपत्त्याच्या कुंडीतली माती उकरत होत्या. मातीतून लाल गोळ्या निघाल्या. काही विरघळलेल्या, काही अख्ख्या. अम्मींनी त्या तळहातावर घेऊन आम्हा दोघींसमोर धरल्या.

“काय गं पोरींनो, कढीपत्त्याला रक्त कमी पडलं होतं का?”

कुंडीतल्या गोळ्या धाकटीच्या होत्या. पण थोरलीला हसण्याचा हक्क नव्हता. तिच्या शाळेच्या पर्समध्ये अख्खे पाकीट तसेच पडून होते. दोघींनीही गोळी सोडली होती, आणि एकाच घरात राहून एकमेकींना सांगितले नव्हते.

कारण साधे होते. गोळी घेतली की धाकटीला तासाभरात मळमळायचे, तोंडाला लोखंडाची चव यायची. थोरलीला बद्धकोष्ठ झाले. शौचाचा रंग काळा झाला तेव्हा तर आम्ही घाबरलोच. पण हे बोलायचे कोणाशी? घरात पुरुष माणसे, मुले. पोट बिघडणे हे आपल्याकडे बायकांनी बोलून दाखवायचे दुखणे नसते. आम्ही गप्प बसलो आणि खजूर खाऊ लागलो.

लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. आमच्यातली एक शिक्षिका आहे. शाळेत दर आठवड्याला मुलींना निळी गोळी दिली जाते आणि ती तिच्याच हातून जाते. 2018 साली सुरू झालेल्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ मोहिमेत किशोरवयीन मुलांसाठी निळी आणि लहान वर्गांसाठी गुलाबी गोळी ठरलेली आहे. एखादी मुलगी ‘मॅडम, पोटात दुखतं’ म्हणाली की तिला आजवर एकच उत्तर मिळाले होते, ‘बहाणे नकोत.’ तीच मॅडम घरी पर्समध्ये गोळ्या लपवत होती.

दुसऱ्या दिवशी अम्मीच आम्हाला तालुक्याच्या लेडी डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “गोळी सोसत नाही म्हणून सोडणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. न सांगता सोडलीत, हे चुकलं.” मग त्यांनी कागद घेऊन समजावले. तो कागद आम्ही अजून जपून ठेवला आहे.

पहिली गोष्ट, पाकिटावर औषधाचे वजन मोठ्या अक्षरात असते, पण पाहायचे असते ते त्यातले मूळ लोह, म्हणजे ‘एलिमेंटल आयर्न’. फेरस सल्फेटच्या 200 मिलिग्रॅमच्या गोळीत मूळ लोह साधारण 65 मिलिग्रॅम भरते. मळमळ आणि बद्धकोष्ठ होते ते बऱ्याचदा शरीराने न घेतलेल्या, आतड्यात उरलेल्या लोहामुळे. म्हणून जास्त ताकदीची गोळी ती जास्त चांगली, हा हिशेब इथे चालत नाही.

दुसरी गोष्ट ऐकून आम्ही चकित झालो. लोहाची गोळी पोटात गेली की यकृत एक संप्रेरक सोडते आणि आतड्याचे दार साधारण एक दिवस अर्धवट लागून राहते. त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या गोळीतले लोह कमी घेतले जाते. ज्यांना रोजची गोळी सोसत नाही त्यांना डॉक्टर दिवसाआड देतात, त्यामागे हे कारण आहे. थोरलीसाठी त्यांनी हेच ठरवले. गोळी तीच, पण दिवसाआड एकच.

धाकटीसाठी गोळी बदलली. फेरस बिसग्लायसिनेट नावाचा प्रकार पुष्कळांच्या पोटाला सोपा जातो, पण महाग पडतो. पॉलिमाल्टोजचे औषधही पोटाला सौम्य असते, मात्र त्याने रक्त वाढायला जास्त वेळ लागू शकतो. ‘पोटाला त्रास नाही’ असे लिहिलेल्या काही गोळ्यांवर आवरण असते. त्या आतड्यात फार पुढे जाऊन विरघळतात, आणि लोह तर आतड्याच्या सुरुवातीलाच शोषले जाते. त्रास कमी, पण फायदाही कमी. बिसग्लायसिनेट दुकानात आधी कॅप्सूलमध्ये मिळाले. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असते आणि ते कोणत्या जनावराचे, हे पाकिटावर लिहिलेले नव्हते. आम्ही तसे स्पष्ट विचारले. दुकानदाराने डॉक्टरबाईंना फोन करून तेच औषध साध्या गोळीत काढून दिले. विचारायला संकोच वाटला होता, पण विचारल्यावर मिनिटभरात प्रश्न सुटला.

तिसरी गोष्ट वेळेची. उपाशीपोटी लोह उत्तम लागू पडते. मळमळत असेल तर थोडे खाऊन घ्यावी, पण चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यात दोन तासांचे अंतर हवे. आम्ही तर गोळी चहाच्या घोटाबरोबरच गिळत होतो! आता लिंबूपाण्याबरोबर घेतो. काळ्या शौचाला घाबरायचे नाही, तो लोहाचा रंग आहे. मात्र डांबरासारखे चिकट शौच झाले, पोटात दुखले किंवा चक्कर आली तर लगेच दाखवायचे.

चौथी गोष्ट मात्र कागदावर नव्हती. डॉक्टरबाईंनी अम्मींना बाहेर बसायला सांगितले आणि धाकटीला विचारले, “पाळी किती दिवस चालते?” ती बराच वेळ खाली बघत राहिली. मग म्हणाली, “नऊ-दहा दिवस. आठ महिने झाले.” थोरली शेजारी बसली होती. एका चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या आम्ही, आणि हे तिलाही ठाऊक नव्हते. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली. साधी गाठ, कर्करोग नव्हे, अल्हमदुलिल्लाह. पण हंड्याला भोक असताना वरून किती पाणी ओतणार? गोळी सोसली असती तरी तिचे रक्त भरून निघाले नसते, आणि आम्ही तिलाच म्हटले असते की तू नीट खात नाहीस.

रमजान आला. थोरलीने डॉक्टरांना विचारून रोजे धरले आणि दिवसाआड गोळी इफ्तारनंतर, रात्रीच्या चहाच्या बरेच आधी घेतली. धाकटीला डॉक्टरांनी रोजे मना केले. ती खूप रडली. अम्मी म्हणाल्या, “आजाऱ्याला सवलत अल्लाहनेच दिली आहे. ती नाकारणारी तू कोण? बरी हो, कजा रोजे आपण मिळून धरू.” तो महिनाभर अम्मी दुपारी तिला स्वतः वाढायच्या.

खाण्याबद्दलही थोडे सांगायला हवे. खजूर खाणे बरकतीचे आहे, पण तीन खजुरांनी रक्ताची एवढी तूट भरून येत नाही. कलेजीतले लोह शरीर चटकन घेते. आणि आपल्याकडे बकरी ईदला पहिली शिजते ती कलेजीच. नमाजहून आलेले पुरुष, मग मुले, आणि शेवटी पातेले पुसायला आम्ही. यंदा अम्मींनी दोन वाट्या आधीच झाकून ठेवल्या होत्या. कोणी काही बोलले नाही.

ईदनंतर पुन्हा तपासले. थोरली 11.8, धाकटी 10.2. तिच्या गाठीचे उपचार चालू आहेत. रक्त 12 वर गेले तरी शरीरातला साठा भरायला गोळी आणखी तीन महिने तरी चालू ठेवायची आहे.

बहिणींनो, आमचे वाचून आमचीच गोळी आणू नका. घराण्यात थॅलेसेमिया असेल तर रक्त कमी दिसूनही लोह कमी नसू शकते, म्हणून आधी तपासणी हवी. लहान मुलांच्या हाती ही गोळी लागू देऊ नका, त्यांच्या जिवाला तिचा धोका असतो. आणि सोसत नसेल तर कुंडीत पुरू नका, तोंड उघडा.

परवा शाळेत निळी गोळी वाटताना एक मुलगी हळूच म्हणाली, “मॅडम, याने मळमळतं.” तिला विचारले, “सकाळी काय खाल्लंस?” ती म्हणाली, “चहा.” तिची गोळी बाजूला ठेवली आणि दुपारच्या खिचडीनंतर दिली. संध्याकाळी घरी आल्यावर आम्ही दोघी त्या मुलीबद्दलच बोलत बसलो होतो. कढीपत्त्याला मात्र खरेच नवी पालवी फुटली आहे. अम्मी म्हणतात, तेवढे तरी औषध कामी आले.