ऑक्सफर्डमधलं 24 मिलिमीटरचं वर्तुळ

ऑक्सफर्डला जाणारे आपले लोक हॅरी पॉटरचा हॉल बघून येतात. कंपनीच्या कामासाठी लंडनला होतो तेव्हा एका शनिवारी पॅडिंग्टनहून तासाभराच्या गाडीने मीही तिथे गेलो, पण पेनिसिलिनच्या मागावर. कारण माझे बाबा. वडोदऱ्याच्या एका औषध कारखान्यात 27 वर्षं त्यांनी बशीतली वर्तुळं मोजली. ‘आज किती वर्तुळं?’ ही आमच्या घरातली रोजची थट्टा होती.

मॉडलिन कॉलेजसमोर, बोटॅनिक गार्डनच्या दाराशी छोटी गुलाबबाग आहे. तिथल्या दगडावर पेनिसिलिनवर काम करणाऱ्यांची नावं कोरली आहेत. त्यातलं एक नॉर्मन हीटली. बाबांच्या वर्तुळांचं मूळ या माणसापाशी.

1940 च्या सुमारास फ्लोरी आणि चेन यांच्या गटापुढे पेच होता. बुरशीच्या पाण्यात पेनिसिलिन अगदी थोडं, तेही अशुद्ध. वजन करून काही कळायचं नाही. हीटलीने मोजायचं काम जंतूंवरच सोपवलं. अगारच्या थरावर जंतू पसरायचे, त्यावर बारीक नळकांडी उभी करून त्यांत द्रावण भरायचं आणि बशी रात्रभर उबेत ठेवायची. औषध पाझरेल तिथवर जंतू वाढत नाहीत, नळकांड्याभोवती स्वच्छ वर्तुळ उमटतं. 24 मिलिमीटरचं वर्तुळ हे माप ठरलं, तेच ‘ऑक्सफर्ड युनिट’.

गंमत अशी, की औषध दुप्पट केलं तरी वर्तुळ दुप्पट होत नाही, थोडंसंच वाढतं. हिशेब लॉगचा. म्हणून एखाद्या मिलिमीटरची गफलतही महागात पडते. म्हणूनच नमुन्याशेजारी, ताकद आधीच माहीत असलेलं प्रमाण औषधही त्याच बशीत लावतात.

ही मोजणी कशासाठी, ते वुडस्टॉक रोडवर रॅडक्लिफ इन्फर्मरीच्या जुन्या इमारतीसमोर कळतं. फेब्रुवारी 1941 मध्ये इथे अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलिन दिलं. तो झपाट्याने सुधारू लागला. साठा इतका तुटपुंजा, की त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून त्यालाच टोचलं. तरीही ते संपलं आणि 15 मार्चला तो गेला. औषध लागू पडत होतं, पुरेसं नव्हतं.

आता बरीचशी अँटिबायोटिक्स यंत्रांवर मोजतात. पण जेंटामायसिनसारखं औषध म्हणजे अनेक घटकांचं मिश्रण. त्याची एकूण ताकद किती, हे जंतूच चांगलं सांगतात.

तिथूनच बाबांना फोन लावला. पोलिसाची गोष्ट ऐकून ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “कमी भरलेली बॅच बाहेर गेली, की तसाच कुणीतरी कुठेतरी असतो रे. आपल्याला दिसत नाही, एवढंच.”

बेंझाथिन पेनिसिलिनच्या कुपीवर आजही ‘12 लाख युनिट’ असं छापलेलं असतं. कधी हाती आली, तर तो आकडा जरूर वाचा.