चार झडपांची बेरीज

रत्नागिरीजवळ समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर बांधलं आणि पडवीला 10 फुटी फोल्डिंगचा दरवाजा हवाच, असा हट्ट धरला. चार झडपा एका बाजूला गोळा केल्या की समोर समुद्र! लाकूड घरचंच, परड्यातला फणस. दिवाळीनंतर पाडला आणि कापून आणला. सुताराने फळीवर पालथा हात ठेवला. "भाऊ, ओला आहे अजून. दोन पावसाळे माळ्यावर पडू दे."

मला अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत करायची होती. शिवाय आजोबांच्या घराची फणसाची चौकट अजून ठणठणीत आहे, हे उत्तर तयारच होतं. त्या दाराला दोनच झडपा होत्या आणि मधे बोट शिरेल एवढी फट होती, ते सोयीस्करपणे विसरलो.

मे महिन्यात लाकूड सुकलं, फटी पडल्या. मी त्यांत पट्ट्या ठोकून घेतल्या. पहिल्या चुकीवर ही दुसरी.

लाकूड लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत फुगतं. साधं दार 2 मिलीमीटर फुगलं तर रंध्याचे दोन हात मारले की भागतं. फोल्डिंगच्या झडपा एकमेकींना खेटून, त्यामुळे चौघींचं फुगणं बेरजेत येतं. जुलैत दार उघडेना, आणि खांदा लावून उघडलं तर मिटेना. आईने प्लॅस्टिकचा कागद बांधला आणि दारावर एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मग यूपीव्हीसी पाहिलं. पडवी पश्चिमेची, दुपारभर ऊन. 20 अंशांनी तापलं तर 3 मीटरमागे ते 4 मिलीमीटरच्या आसपास वाढतं, अ‍ॅल्युमिनियम दीडच्या आत. बेरजेचा धसका घेतलेला मी अ‍ॅल्युमिनियमवर गेलो. सेक्शनची जाडी मोजली, पावडर कोटिंगचा रंग तीनदा बदलला. स्क्रू कसले, हे विचारलंच नाही.

दोन वर्षांत बिजागऱ्यांभोवती पांढरी भुकटी दिसू लागली आणि कोटिंग पापडासारखं फुगलं. स्क्रू जस्ताचा मुलामा दिलेले, साध्या लोखंडाचे होते. मुलामा गेला की खाऱ्या ओलाव्यात लोखंडाला चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियमच आधी झिजतं. भोकं मोठी झाली आणि एक झडप लोंबकळली. फॅब्रिकेटरला काय बोलणार? दर पाडून मागणारा मीच होतो.

आता 316 स्टेनलेसचे स्क्रू आहेत, खाली नायलॉनचे वॉशर. दर शनिवारी गोड्या पाण्याने पुसतो, ट्रॅकमधली पाणी जायची भोकं झाडूच्या हिराने मोकळी करतो. समुद्राजवळ राहत असाल तर आगाऊ रक्कम देण्याआधी एक स्क्रू मागून घ्या आणि चुंबक लावा. घट्ट चिकटला तर परत करा. नाही चिकटला तरी 304 की 316, हे बिलावर लिहून घ्या. तेवढं चुंबकाला कळत नाही.